दुसरा डॉक्टर

बिरवाडी हे महाड तालुक्यातलं, सावित्रीच्या खोऱ्यातलं गाव. १९७६ साली इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक नवा डॉक्टर रुजू झाला. नाव हिम्मतराव बावस्कर. गाव आताच्या जालना जिल्ह्यातलं देहेड, एमबीबीएस नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून. कोकणाशी संबंध शून्य. इथे आल्यावर त्यांच्यासमोर एक रुग्ण पुन्हा पुन्हा येऊ लागला, ज्याचं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. लाल विंचू चावलेला माणूस, आणि पुष्कळदा लहान मूल.

विंचवाने माणूस रात्रभर तळमळतो, मरत नाही, असं आपल्याकडे सर्रास समजतात. इथे माणसं मरत होती. पेंढा उचलताना, लाकडं काढताना, अंधारात पायात चप्पल सरकवताना दंश होतो. थोड्या वेळात दरदरून घाम, वांत्या, हातपाय बर्फासारखे गार. मुलगा असेल तर लिंगाला ताठरता. दुखणं फारसं नाही, म्हणून घरचे जरा निर्धास्त होतात. तेवढ्यात रक्तदाब चढलेला असतो, मग हृदय दमतं, फुफ्फुसात पाणी भरतं, तोंडाला लालसर फेस येतो. बावस्कर या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून राहिले. कोणत्या तासाला काय होतं, हे लिहीत गेले. घाम, वांत्या, गार हातपाय आणि ताठरता ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. मग औषधाचा शोध. आधी नायट्रोप्रुसाइड, तेही शिरेतून, थेंब मोजत आणि रक्तदाब बघत. शेवटी प्राझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांमधले मृत्यू शेकडा चाळीसच्या आसपास होते, ते एकावर आले. २०२२ मध्ये पद्मश्री.

ही कथा आपल्याला पाठ आहे. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्रही पुष्कळांनी वाचलंय. पण आपण ती ज्या सुरात सांगतो, तो सूर मला खटकतो. त्याग, सेवा, व्रत, खडतर परिस्थिती. जरा उलटं बघा. एका तरुण डॉक्टरला त्याच्या शहरातल्या बॅचमेटला मिळाला नसता असा प्रश्न मिळाला. त्या प्रश्नाने त्याला जगातल्या पहिल्या फळीच्या वैद्यकीय नियतकालिकात नेऊन बसवलं. मध्ये तो पुण्याला बी. जे. मेडिकलला एमडी करून आला आणि परत याच पट्ट्यात आला. पुढे महाडला स्वतःचं हॉस्पिटल थाटलं, व्यवसाय केला. याला मी महत्त्वाकांक्षा म्हणेन, आणि ती उत्तम जातीची. बिरवाडीत राहून त्याचं डॉक्टर म्हणून नुकसान झालं नाही, उलट तो वाढला.

दुसरी गोष्ट त्याहून कमी बोलली जाते. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशावरची चाचणी प्रसिद्ध झाली, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक प्रतिविष. त्या निबंधावर दोन नावं आहेत. दुसरं नाव डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचं.

आता महाराष्ट्रातली बाकीची नावं आठवा. जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. गडचिरोलीत १९८६ पासून अभय आणि राणी बंग. मेळघाटात बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे. दिवाळी अंकांनी या सगळ्यांवर इतकं लिहिलंय की आणखी भर नको. मात्र या यादीत एकटा माणूस एकही नाही, हे आपण वाचताना सोडून देतो. हेमलकशात तर प्रकाशरावांचा हात शस्त्रक्रियेचा आणि मंदाकिनीताई भूलतज्ज्ञ. म्हणजे जंगलात जे पोचलं ते एक छोटं ऑपरेशन थिएटरच होतं, पगाराविना. बंगांकडे एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक फिजिशियन. राणीताईंचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा निबंध १९८९ मध्ये आणि दोघांचा घरोघरी नवजात बाळांच्या देखभालीचा अभ्यास १९९९ मध्ये, दोन्ही ‘लॅन्सेट’मध्ये. आपण त्यांच्यातला त्याग मोजला, जोडी मोजली नाही.

आणि सरकार तर नेमणूक करतं ती एकेकट्याची.

बिरवाडी ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तिथे मेडिकल कॉलेज नव्हतं असं नाही. कामोठ्याचं एमजीएम १९८९ पासून आहे. कामोठे पनवेल तालुक्यात आणि पनवेल रायगडात. पण कामोठ्याहून वाशी जवळ, श्रीवर्धन लांब, आणि हे अंतर नुसतं किलोमीटरचं नाही. सरकारी कॉलेजसाठी किनाऱ्याने आणखी तीन दशकं वाट पाहिली. अलिबागचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ च्या वर्षात शंभर जागांनी सुरू झालं. जिल्हा रुग्णालय त्याला जोडलं. वर्ग कुरूळच्या आरसीएफ वसाहतीतल्या जागेत भरले, कायमचा परिसर उसरला व्हायचा. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप असा हिशेब धरला, तर पहिल्या तुकडीतली मुलं आता ‘पुढे काय’ या प्रश्नाच्या तोंडाशी आहेत.

या मुलांना गाव दाखवायची सोय अभ्यासक्रमातच आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने याच सुमाराच्या तुकड्यांपासून कुटुंब दत्तक योजना आणली. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही घरं घ्यायची आणि पहिल्या वर्षापासून त्यांच्या तब्येतीचा मागोवा ठेवायचा. कल्पना चांगली, नवी मात्र नाही. सेवाग्रामला १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी कॉलेज काढलं, तिथे प्रत्येक तुकडी एक गाव घेते हे कितीतरी आधीपासून चालू आहे.

पण या शंभर जागांवर बसतं कोण? नीटची राज्य गुणवत्ता यादी लागते आणि मुलं येतात लातूरहून, नांदेडहून, जिथे क्लासेस आहेत तिथून. त्यात त्यांचा काही दोष नाही. मुरूडच्या कोळीवाड्यातल्या किंवा म्हसळ्याच्या डोंगरातल्या मुलीसाठी या यादीत वेगळी खिडकी नाही. राज्यात पूर्वी ७०:३० चं सूत्र होतं, विभागातल्या मुलांना विभागात ७० टक्के जागा. तेही सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. ते असताना तरी कोकणाला काय मिळत होतं? कोकण ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलांबरोबर एकाच पाटावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ग्रामीण भागात डॉक्टर कसे टिकतील यावर शिफारशी काढल्या. त्यात ग्रामीण भागात वाढलेल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य द्या, ही बाब ठळकपणे येते. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने एका विधेयकाला मंजुरी दिली होती. सरकारी कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या १० टक्के जागा सात वर्षं, आणि पदव्युत्तरच्या २० टक्के जागा पाच वर्षं ग्रामीण सेवा देणाऱ्यांना. मोडल्यास पाच वर्षं तुरुंग आणि पदवी रद्द. अठराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाला पंचविसाव्या वर्षी तुरुंगाचा धाक, ही आपल्या कारभाराची खास शैली. जी मुलं गावात हवीत असं आपण म्हणतो, त्यांना आपण आरोपी धरूनच सुरुवात करतो.

इंटर्नच्या खोलीत बोलणं मात्र वेगळंच चालू असतं. ‘रूरल करतोयस की ड्रॉप?’ ‘बॉण्ड कुठे घेतलास?’ ‘शांत पीएचसी मिळाली तर बरं, वाचन होतं.’ सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष बंधपत्रित सेवा आहे. ती टाळायची तर दंड दहा लाख. पदव्युत्तरला पन्नास लाख, सुपरस्पेशालिटीला दोन कोटी. असा बॉण्ड घालायचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये मान्य केला. कायद्याच्या अंगाने विषय संपला. पण बॉण्डने माणूस येतो, राहत नाही. नीट-पीजीला दरवर्षी दोन लाखांवर डॉक्टर बसतात. ‘नुसता एमबीबीएस’ हे शब्द घरचे, सासरचे आणि रुग्णही ज्या सुरात म्हणतात, त्यात कोणाला नुसतं राहावंसं वाटेल? मग प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पगारी अभ्यासिका. ज्याचं मन पुढच्या परीक्षेत आहे, त्याला त्या गावातला विंचू दिसणार नाही.

या केंद्रातल्या डॉक्टरचा दिवस कसा जातो तेही पाहू. सकाळची ओपीडी. ताप, खोकला, बीपी-शुगरच्या गोळ्या, पावसाळ्यात घरादाराला झालेलं गजकर्ण, कुत्रं चावल्याची सुई. दुपारनंतर कागद. आता कागद म्हणजे पोर्टल. आरसीएच, एचएमआयएस, आयएचआयपी, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि नेट पावसात गेलेलं. आठवड्यातून एखादी तालुक्याला सभा. लसीकरण, शाळा तपासणी, उपकेंद्राची भेट. अचानक पोलीस येतात, पीएम आहे. शवविच्छेदन करायचं तर मदतनीस शोधण्यापासून सुरुवात. क्वार्टरची भिंत जूनमध्ये ओलसर, ऑगस्टमध्ये हिरवी. हॅरिसनच्या जाडजूड पुस्तकाला बुरशी. रात्री नर्स दार ठोठावते, बाळंतीण अडलीय.

इथे जरा थांबावं लागेल, कारण मुद्दा या दारातच आहे. बाळाचे ठोके घसरताहेत, सिझर लागणार हे त्या पंचविशीतल्या डॉक्टर पोरीला कळलेलं आहे. तिच्या केंद्रात सिझर होत नाही, व्हायला नकोच. १०८ ला फोन. ही सेवा राज्यात २०१४ मध्ये आली, ९३७ रुग्णवाहिका, आत डॉक्टर. अनेक जीव तिने वाचवले, याबद्दल दुमत नाही. पण गाडी जाणार कुठे? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असेल तर भूलतज्ज्ञ नसतो. भूलतज्ज्ञ आहे तर रजेवर. दोघं असले तर रक्त नाही. भूल देणाऱ्याशिवाय सर्जन म्हणजे चांगल्या पगाराचा प्रेक्षक. मग चिठ्ठी: ‘रेफर टू माणगाव’. तिथून ‘रेफर टू अलिबाग’. तिथूनही पुढे पनवेल किंवा मुंबई, पळस्पे फाट्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्गाने, ज्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि अजून चालूच आहे.

रेफर करणाऱ्या डॉक्टरवर आपण सगळे चिडतो. चिडावं असे प्रसंग असतातही. पण ही चिठ्ठी लिहिताना तिला काय वाटतं, ते कोणी विचारत नाही. पाच वर्षांत शिकलेलं सगळं तिच्या हातात असतं आणि हात बांधलेले. असं वर्षभर झालं की माणूस एक तर कातडी जाड करून घेतो किंवा निघून जातो. हुशार असतो तो आधी जातो. पगार, क्वार्टर, मुलांची शाळा ही सगळी कारणं खरी आहेत. तरी मला वाटतं, पहिलं कारण हे, की जे येतं ते करता येत नाही. नि दुसरं कारण, जे चुकलं ते विचारायला शेजारी कोणी नाही.

या भानगडीवर एक जुनं उत्तर आपल्याकडे होतं आणि आपणच ते मोडलं. दोन वर्षांचे डिप्लोमा. स्त्रीरोगाचा डीजीओ, बालरोगांचा डीसीएच, भूलशास्त्राचा डीए. मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ मधलं. तिथले आणि विद्यापीठांचे डिप्लोमा करून आलेल्या डॉक्टरांनीच महाराष्ट्रातली तालुक्याची गावं चालवली. जुन्या पाट्या वाचा, एमबीबीएस डीजीओ, एमबीबीएस डीसीएच, आणि बहुतेकदा नवरा-बायको मिळून एकाच जिन्यावर. सरकारी सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना या डिप्लोमाच्या निम्म्या जागा राखीव होत्या. पीएचसीत तीन वर्षं काढली की डिप्लोमा, आणि मग त्याच जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ म्हणून, असा एक सरळ जिना होता. २०१९ च्या सुमारास विद्यापीठांच्या डिप्लोमाच्या जागा पदवीच्या जागांत बदलल्या गेल्या. दर्जा वाढला असं म्हणतात. वाढला असेल. पण एमडी ॲनेस्थेशिया झालेला माणूस म्हसळ्याला येत नाही, त्याला पनवेलमध्ये एका दिवसात चार हॉस्पिटलं बोलावतात. डीए झालेला येत असे. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्याने २०२२ मध्ये पदव्युत्तर जागांत २० टक्के कोटा पुन्हा आणला, हे बरं झालं. पण तुटलेला जिना कोट्याने पुरता सांधला जात नाही.

एमबीबीएस डॉक्टरला अठरा आठवड्यांचं जीवरक्षक भूलशास्त्राचं प्रशिक्षण द्यायची केंद्राची योजनाही बऱ्याच वर्षांपासून आहे, तातडीच्या प्रसूतीपुरती. कागदावर सुरेख. पण प्रशिक्षण घेतलेल्याची बदली जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ नाही अशा ठिकाणी झाली, की अठरा आठवडे पाण्यात. शिकवणं आरोग्य विभागाच्या एका खोलीत ठरतं, बदली दुसऱ्या खोलीत.

रायगडच्या किनाऱ्याची आणखी एक अडचण आहे, जी गडचिरोलीला नाही. मुंबई दिसते. मांडव्याला उभं राहिलं की संध्याकाळी पलीकडचे दिवे दिसतात. २०२० पासून रो-रो बोट गाडीसकट भाऊच्या धक्क्याला नेते. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झाला, तो उरणच्या दारात उतरतो. पैसेवाला रुग्ण हृदयाचं सोडा, गुडघ्यालाही मुंबईला जातो. त्यामुळे अलिबागेत तज्ज्ञाची प्रॅक्टिस जमायला वेळ लागतो, आणि जागेचे भाव मात्र वीकएंडच्या बंगल्यांनी ठरवलेले. पण राजपुरीची खाडी ओलांडा. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने उतरलं की मुंबई एकदम मागे पडते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. इथे डॉक्टर लांबचा आणि पर्यटक जवळचा. शनिवार-रविवारी गावाची लोकसंख्या फुगते, डॉक्टरांची तेवढीच राहते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं-मुली बुडाली. अशा दिवशी किनाऱ्यावरचं छोटं रुग्णालय काय काय झेलतं, त्याचा हिशेब खाटांच्या संख्येत बसत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यावर आदळलं, तेही कोविडच्या पहिल्या लाटेत. पत्रे उडाले, वीज गेली. त्याही दिवसांत या केंद्रांमधून कोणीतरी ओपीडी चालवत होतं, आणि त्यातले बरेच बॉण्डवरचे किंवा कंत्राटी होते.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण मेडिकलच्या वर्गात आता त्या मोठ्या संख्येने आहेत आणि नेमणुकीची पद्धत अजून एकट्या पुरुषाला गृहीत धरून चालते. क्वार्टरच्या दाराला कडी नीट लागते का, रात्रीच्या पाळीला वॉचमन आहे का, हे प्रश्न चैनीचे नाहीत. हल्ले रोखायला राज्यात २०१० चा कायदा आहे. पण दगडफेकीपेक्षा चिवट असतो तो दबाव. फिटनेसचं सर्टिफिकेट असं लिहा, जखमेचा अहवाल तसा लिहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणला सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरने आयुष्य संपवलं, त्यानंतर या दबावाच्या आरोपांनी महाराष्ट्र हादरला. ज्यांनी पीएचसीत दिवस काढलेत, त्यांना यातलं नवीन काहीच वाटलं नाही. पोलीस, सरपंच, पुढारी, तिघे समोर बसलेत आणि डॉक्टर एकटी आहे. दुसरी एखादी सही त्या अहवालावर असती तर?

मग आमची मुलं गावात जात नाहीत, ही तक्रार बंद करूया असं मी म्हणत नाही. काहींना जायचंच नसतं. वडिलांनी हॉस्पिटलची जागा घेऊन ठेवलेली असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुठल्याही तुकडीत पाच-दहा मुलं अशी असतातच ज्यांना गाव आवडतं, माणसं आवडतात, ज्यांना शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या टार्गेटांत रस नाही. बावस्करांनी २०१३ मध्ये तपासणी केंद्राकडून कमिशन म्हणून आलेला १,२०० रुपयांचा चेक परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, ते वाचून या क्षेत्रात आलेली मुलंही असतील. त्या पाच-दहांसाठी काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. नव्वदांना ओढून नेण्यात शक्ती घालवू नये.

या किनाऱ्यावर आज हे करायला नवी इमारत लागत नाही. २०२० च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. त्यांना अलिबागला थांबवून ठेवण्याऐवजी एक स्त्रीरोगाचा आणि एक भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर एकत्र श्रीवर्धनला पाठवता येईल, वरिष्ठ मागे असेल तर. कॉलेजच्या प्राध्यापकांनी मुरूड आणि म्हसळ्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आठवड्यातून एक तास घ्यावा, फोनवर चालेल, नुसत्या केसेसवर, पोर्टलवर नाही. सर्पदंश, विंचू, बुडालेले, मासेमारीच्या जाळ्यात हात अडकलेले, यांच्या नोंदी या केंद्रांत पडून आहेत. त्यातून एखादा निबंध निघाला तर ज्याने नोंदी ठेवल्या त्याचं नाव त्यावर पहिलं असावं, विभागप्रमुखाचं नाही.

आणि बंधपत्राच्या समुपदेशनात पडद्यावर जी रिक्त पदांची यादी लागते, तिच्यात केंद्राचं नाव आणि पुढे एक आकडा असतो, बहुधा १. तिथे दोन मैत्रिणींना किंवा नवरा-बायकोला मिळून एक केंद्र आणि शेजारचं ग्रामीण रुग्णालय एकत्र मागता येईल असा एक रकाना वाढवायला विधेयक लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. आरोग्य विभागातला एखादा उपसंचालक ते एका परिपत्रकाने करू शकतो. अलिबागची पहिली तुकडी त्या पडद्यासमोर बसायच्या आत केलं तर बरं.